सायकलचा पॉवर मीटर: वॉट मोजतात कसे, वापरायचे कसे आणि काटा खोटा कधी पडतो

जुलैतली एखादी सकाळ घ्या. पश्चिमेकडून ताशी १५ किलोमीटरचा वारा आहे आणि एक सायकलस्वार छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालाय. वारा पाठीशी असल्यामुळे सायकल ताशी ३९-४० ने पळते. जालन्यात चहा घेऊन तोच गडी परत फिरतो, पाय तितक्याच जोरात मारतो, पण वेग २२ च्या पुढे सरकत नाही. घरी येऊन मोबाइल बघितला की वाटतं, येताना आपण ढेपाळलो. प्रत्यक्षात जाताना आणि येताना त्याने सारखीच मेहनत घेतली होती, सुमारे १६० वॉट. हिशेब सायकलसह ८५ किलो वजन, सपाट रस्ता आणि सरळ बसलेला स्वार धरून केला आहे. वारा नसता तर याच १६० वॉटमध्ये ताशी ३० चा वेग मिळाला असता.

वेग हा वाऱ्याचा, चढाचा, रस्त्याचा आणि टायरमधल्या हवेचा मिळून बनतो. त्यातली तुमची मेहनत वेगळी काढून दाखवतो तो पॉवर मीटर. जानेवारी २०२६ मधल्या पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीनंतर आपल्याकडेही ‘किती वॉट?’ हा प्रश्न ऐकू येऊ लागलाय. पण मीटर घेतलेले बरेच जण तो बसवतात, आकडा बघतात, चार दिवस खूश होतात आणि मग आकडा कधी फुगलेला तर कधी पडलेला दिसला की वैतागतात. त्यातली निम्मी चूक मीटरची नसते.

वॉट म्हणजे नेमकं काय

दर सेकंदाला किती काम झालं, त्याचं माप म्हणजे वॉट. विहिरीवरच्या मोटरीची ताकद आपण एचपीत बोलतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा पाच एचपीची मोटर ३,७३० वॉटची. नियमित सराव करणारा हौशी सायकलस्वार तासभर २०० ते २५० वॉट टिकवतो, म्हणजे जेमतेम पाव ते एक तृतीयांश एचपी.

सायकलवर वॉट दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतात. एक म्हणजे क्रँकला, म्हणजे पेडल ज्या दांड्याला लावलेलं असतं त्याला, दिलेला पीळ. त्याला टॉर्क म्हणतात. दुसरी म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे पडतात, ज्याला केडन्स म्हणतात. २०० वॉट ९० फेऱ्यांवर काढायचे तर सरासरी २१ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, ६० फेऱ्यांवर जवळपास ३२. वॉट तेवढेच, पण गुडघ्यावरचा भार दीडपट. जड गिअरवर रेटत चढ चढणाऱ्यांचे गुडघे का कुरकुरतात, ते या एका गुणाकारात आहे.

मीटरच्या पोटात काय असतं

क्रँक कितीही मजबूत असला तरी पाय दाबला की तो अगदी सूक्ष्म वाकतो. डोळ्याला दिसणार नाही इतका. त्या जागी धातूच्या पातळ तारेची जाळी असलेली पट्टी चिकटवलेली असते, तिला स्ट्रेन गेज म्हणतात. क्रँक वाकला की पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध बदलतो. त्या बदलावरून टॉर्क काढायचा, आतल्या सेन्सरकडून फेरे घ्यायचे, गुणाकार करायचा आणि निकाल हँडलवरच्या छोट्या पडद्याकडे, म्हणजे सायकल कॉम्प्युटरकडे, बिनतारी पाठवायचा, बस. जर्मनीतल्या उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या एसआरएम कंपनीने हे तंत्र सायकलीवर आणलं. आजचे बहुतेक मीटर त्याच तत्त्वावर चालतात.

दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवा. पट्टी धातूवर चिकटवलेली आहे आणि धातू उन्हाने प्रसरण पावतो. पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ यात आहे.

कुठे बसवायचा: क्रँक, पेडल की स्पायडर

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे डाव्या क्रँकवरचा मीटर. तो फक्त डावा पाय मोजतो आणि दुप्पट करतो. तुमचा डावा पाय ४८ टक्के आणि उजवा ५२ टक्के काम करत असेल, तर खऱ्या २०० वॉटला तो १९२ दाखवेल. हा फरक कायम सारखा राहिला असता तर काही बिघडत नव्हतं. पण थकल्यावर किंवा जोर वाढवल्यावर पायांची वाटणी बदलते. तरीही पहिल्या मीटरसाठी हा प्रकार वाईट नाही, असं माझं मत आहे.

तो घेताना दोन गोष्टी तपासा. क्रँकची जात आणि लांबी तुमच्याशी जुळली पाहिजे. शिमानोच्या २४ मिलिमीटर पोकळ दांड्याच्या क्रँकसाठीचा मीटर चौकोनी दांड्याच्या जुन्या बॉटम ब्रॅकेटवर (क्रँक ज्यावर फिरतात त्या सांध्यावर) बसत नाही, आणि आपल्याकडच्या स्वस्त हायब्रिड सायकलींमध्ये हाच चौकोनी दांडा असतो. दुसरं म्हणजे क्रँकच्या आतल्या बाजूला मीटरची डबी असते. क्रँक आणि मागच्या फ्रेमच्या नळीत साधारण १० मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर डबी घासून फुटते.

शिमानोच्या या क्रँकवर बसवणं अवघड नाही. टोकाची प्लास्टिकची टोपी तिच्या खास पान्याने काढा, ५ मिलिमीटर ॲलन कीने दोन्ही बोल्ट सैल करा, फटीतली सुरक्षा पट्टी वर उचला आणि क्रँक ओढून घ्या. नवा क्रँक घालताना टोपी फक्त क्रँकचा ढिलेपणा जाण्यापुरती आवळायची. तिथे जोर लावला की बेअरिंग जॅम होतात. मग सुरक्षा पट्टी खाली बसवून दोन्ही बोल्ट आलटून पालटून १२ ते १४ न्यूटन-मीटरला आवळा. एकच बोल्ट एका दमात आवळू नये. टॉर्क रेंच नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सायकल न्या, अंदाजाने करायचं हे काम नाही.

पेडलमधला मीटर एका सायकलवरून दुसऱ्या सायकलवर सहज जातो आणि दोन्ही बाजू मोजणारा घेता येतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे नवखा मेकॅनिक विसरतो आणि क्रँकचे आटे खराब होतात. शिवाय पेडल खाली असल्यामुळे पहिला मार त्यालाच बसतो. ज्याचे पार्किंगमध्ये किंवा दुभाजकाला पेडल नेहमी टेकतात, त्याने विचार करावा.

क्रँक आणि चेनरिंग (चेन जिच्यावर फिरते ती पुढची दातेरी चकती) यांना जोडणाऱ्या तुकड्याला स्पायडर म्हणतात. तिथला मीटर दोन्ही पायांचं एकूण काम मोजतो आणि मारापासून लांब असतो. चेनरिंग बदलली किंवा तिचे बोल्ट कमीजास्त आवळले की आकडा थोडा सरकतो, एवढं भान ठेवलं की झालं. चाकाच्या हबमधले मीटर आता फारसे मिळत नाहीत.

पासंग काढल्याशिवाय माप घ्यायचं नाही

मोंढ्यात तूर घालायला गेलेला शेतकरी आधी रिकाम्या काट्याकडे बघतो. काटा शून्यावर नसेल तर प्रत्येक पोत्यामागे तेवढाच घाटा. पॉवर मीटरचंही तसंच आहे. पायाचा भार नसताना त्याने शून्य टॉर्क दाखवला पाहिजे. तो शून्यावर आणण्याच्या कामाला झिरो ऑफसेट म्हणतात. सायकल कॉम्प्युटरवर यालाच बहुतेक वेळा ‘कॅलिब्रेट’ असं नाव दिलेलं असतं.

शून्य १ न्यूटन-मीटरने सरकलं तर ६० फेऱ्यांवर चूक सहा वॉटची, ९० फेऱ्यांवर नऊ वॉटपेक्षा जास्त. म्हणजे जितके भरभर पाय मारणार, तितकी चूक मोठी. कंपनीने छापलेली एक-दोन टक्क्यांची अचूकता शून्य जागेवर असेल तरच खरी.

पद्धत साधी आहे. सायकल घराबाहेर काढा आणि दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. मग ती सरळ उभी धरा, भिंतीला तिरकी टेकवून नको. दोन्ही पाय पेडलवरून काढा, क्रँक कंपनीने सांगितलेल्या स्थितीत ठेवा. बहुतेकांना तो उभा लागतो, डावं पेडल खाली. कॉम्प्युटरवर कॅलिब्रेट दाबा आणि निकाल येईपर्यंत सायकल हलवू नका. जो आकडा येईल तो लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे मित्राच्या आकड्याशी तुलना करू नका. आपला आकडा रोज आसपास राहतो का, तेवढं बघा. एक दिवस अचानक उडी मारली तर बोल्ट, पेडल आणि बॅटरी तपासा.

मराठवाड्यात हे दोनदा करावं लागतं. मे महिन्यात पहाटे साडेपाचला २८ अंश असलेली हवा नऊ वाजेपर्यंत ३६ वर जाते. डिसेंबरात परभणीला पारा १० च्या खाली उतरतो आणि दहा वाजता उन्हात सायकल चांगलीच तापते. चांगल्या मीटरमध्ये तापमानाची भरपाई आपोआप होते, पण सगळ्यांत सारखी नाही. चहाला थांबलात की पुन्हा शून्य करा, सायकल सावलीत उभी करून, कारण उन्हात धरलेला काळा क्रँक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि चालू लागल्यावर पुन्हा गार होतो.

नवा मीटर किंवा पेडल बसवल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तीन-चार जोरदार स्प्रिंट मारा आणि मग शून्य करा. आटे आणि सांधे जागेवर बसेपर्यंत आकडा भरवशाचा नसतो.

शून्य बरोबर, तरी माप चूक असू शकतं

काटा रिकामा असताना शून्य दाखवतो पण ५० किलोच्या पोत्याला ४९ म्हणतो, अशी खोट मीटरमध्येही असते. ती शून्य करून जात नाही. ती पकडायची तर वजन टांगून बघावं लागतं, आणि मीटरच्या ॲपमध्ये थेट टॉर्क दिसत असेल तरच हे जमतं.

तपासलेल्या काट्यावर मोजलेलं २० किलो वजन घ्या. आधी शून्य करा. मागचा ब्रेक पट्ट्याने बांधून चाक अडवा, क्रँक अगदी आडवा करा आणि वजन पेडलच्या दांड्याला टांगा. १७० मिलिमीटर क्रँकवर टॉर्क येतो २० गुणिले ९.७८ गुणिले ०.१७, म्हणजे सुमारे ३३.३ न्यूटन-मीटर. पुस्तकात ९.८१ असतं, पण आपल्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षण किंचित कमी आहे, म्हणून ९.७८. एवढ्याने फरक पाव-अर्ध्या टक्क्याचाच पडतो, पण अचूकता तपासायला बसलो तर तोही सोडू नये. मीटर ३२.६ ते ३४ च्या मध्ये दाखवत असेल तर तो ठीक आहे. डाव्या क्रँकच्या मीटरवर आकडा नेमका दुप्पट दिसला तर घाबरू नका, ॲप दुसऱ्या पायाचा हिशेब धरून दाखवतंय.

एक खोट मात्र आपणच करतो. पेडलच्या मीटरला क्रँकची लांबी सांगावी लागते. क्रँक १७० चा आणि ॲपमध्ये १७२.५ असेल तर प्रत्येक आकडा दीड टक्का फुगतो. लांबी क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते, ती वाचा.

आकडा हाती आला, आता सराव कसा करायचा

सगळ्या सरावाचा पाया एक आकडा: तुम्ही साधारण तासभर टिकवू शकाल ते वॉट. त्याला एफटीपी म्हणतात. तासभर जीव काढण्यापेक्षा २० मिनिटांची चाचणी करतात. आधी २० मिनिटं अंग गरम करा, मधे पाच मिनिटं जोरात चालवून पाय मोकळे करा, दहा मिनिटं सावकाश, आणि मग २० मिनिटं पूर्ण ताकदीने पण एकसारखं. त्या २० मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी. सरासरी २१० आली तर एफटीपी २००.

ही चाचणी कुठे करायची, हा खरा प्रश्न. सिग्नल, गतिरोधक आणि ऊसाच्या ट्रॉल्या नसलेली २० मिनिटं लागतात. चढ असेल तर उत्तम, कारण तिथे जोर आपोआप एकसारखा राहतो. संभाजीनगरकरांना म्हैसमाळचा रस्ता आहे, बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट, फक्त महामार्गाच्या वाहतुकीचं भान ठेवून. लातूर-नांदेडच्या सपाटीवर पहाटेचा मोकळा रस्ता निवडा. पुढची चाचणी सहा-आठ आठवड्यांनी त्याच रस्त्यावर आणि शक्यतो तशाच हवेत करा. फेब्रुवारीत काढलेला एफटीपी मेच्या उन्हात मिळत नाही. तो तुम्ही गमावलेला नसतो, शरीर रक्ताचा मोठा वाटा अंग गार ठेवायला कातडीकडे पाठवत असतं.

एफटीपी २०० असेल तर ११२ ते १५० वॉट हा लांब, गप्पा मारत चालवण्याचा टप्पा. १८२ ते २१० हा तासाच्या ताकदीचा, बोलणं तुटणारा टप्पा. २१२ ते २४० हा तीन ते आठ मिनिटांच्या तुकड्यांचा. बाकीची वर्गवारी आहे, पण नवख्याला या तीन पुरतात. आठवड्यात एक दिवस २१५ ते २३० वर चार मिनिटांचे पाच तुकडे, मधे तीन-चार मिनिटं सावकाश. एक दिवस १८० च्या आसपास २० मिनिटांचे दोन. आणि बाकी सगळं १५० च्या खाली. बहुतेकांची गोची या शेवटच्या भागात होते. समोर कोणी दिसला की गाडी १७० वर जाते. मग सोपा दिवस सोपा राहत नाही आणि जोराच्या दिवशी पायांत जोर उरत नाही.

घाटात मीटरचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. ५ टक्के चढावर ८५ किलो ओझं ताशी १० ने न्यायला सुमारे १३५ वॉट लागतात. २०० एफटीपीवाला पहिल्या दोन मिनिटांत ३०० मारतो, कारण तेव्हा काहीच वाटत नाही, आणि दहाव्या मिनिटाला पायउतार होतो. त्याने १७०-१८० ची मर्यादा पाळली तर तोच घाट आरामात पार होतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात. तिथे सपाटीवर १२० ते १३० धरून चालणारा शेवटी वेळेत असतो, विशेषतः समोरून वारा असेल तर. वेगाकडे बघून वाऱ्याशी भांडणारा दुपारी रसवंतीच्या सावलीत सापडतो.

पडद्यावर दर सेकंदाचा आकडा ठेवू नका, तो माकडासारखा उड्या मारतो. तीन सेकंदांची सरासरी ठेवा, लांबच्या चढावर दहाची. नोंद मात्र दर सेकंदाला होऊ द्या, आणि वॉटच्या सरासरीत शून्यं धरायची असतात, म्हणजे उतारावर पाय थांबले ते क्षणही.

“छातीचा पट्टा आहे की, मग हे कशाला?”

हृदयाचे ठोके शरीरावरचा ताण सांगतात, पायांनी केलेलं काम सांगत नाहीत. चढ सुरू झाल्यावर ठोके वर यायला अर्धा-एक मिनिट लागतं, तोवर चूक होऊन गेलेली असते. झोप कमी झाली, चहा जास्त झाला, ऊन चढलं की त्याच वॉटला ठोके वाढतात. म्हणूनच पट्टा फेकून देऊ नका. वॉट तेच आणि ठोके पंधराने जास्त, असं दिसलं तर पाणी, मीठ आणि सावली हवी आहे. उन्हाळ्यात दोघांचं पटत नसेल तेव्हा पट्ट्याचं ऐकावं.

“मोबाइलचं ॲप फुकटात वॉट दाखवतं”

ते मोजत नाही, अंदाज बांधतं: वेग, चढ आणि तुम्ही भरलेलं वजन. तीव्र, लांब चढावर अंदाज बरा येतो. सपाटीवर वारा आणि पुढच्या सायकलीचा आडोसा त्याला कळत नाही. वरच्या जालन्याच्या प्रवासात ते जाताना तुम्हाला पैलवान ठरवेल आणि येताना आळशी.

“घरच्या ट्रेनरवर वेगळा आकडा येतो”

येणारच. ट्रेनर, म्हणजे घरात सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र, मागच्या चाकाच्या जागी मोजतो, तोपर्यंत चेन आणि गिअरमध्ये दोन ते चार टक्के खर्च झालेले असतात. चेन काळ्या मातीने भरलेली असेल तर जास्त. कुठला खरा यावर वाद घालू नका. एक मीटर निवडा आणि सगळा सराव त्याच्यावर करा. दररोज सारखंच पाच वॉट कमी दाखवणारा मीटर चालतो. एक दिवस पाच कमी आणि एक दिवस पाच जास्त दाखवणारा चालत नाही.

काय बिघडतं आणि का

सिग्नल तुटणं, आकडा गोठणं, अचानक अशक्य वॉट दिसणं, या सगळ्यात पहिला संशय बॅटरीवर घ्या. बऱ्याच क्रँक मीटरमध्ये सीआर२०३२ जातीची चपटी बॅटरी असते. मीटरप्रमाणे ती शंभर ते दोनशे तास चालते. मोबाइलच्या दुकानात वर्षानुवर्षं काचेत पडलेली स्वस्त बॅटरी महिन्यात बसते. मुलांनी गिळू नये म्हणून ज्यांवर कडू थर दिलेला असतो, त्या काही मीटरमध्ये नीट संपर्क करत नाहीत. बदलताना झाकणाची रबरी कडी पुसून, ग्रीसचा पुसट हात लावून जागेवर बसवा. ती मुरगळली की पहिल्याच पावसात पाणी आत.

पाण्यासाठी बहुतेक मीटर आयपीएक्स७ असतात. याचा अर्थ एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर जेटशी त्याचा काही संबंध नाही. पावसाळ्यात चिखल वाळू द्या, ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने काढा. चेन धुताना रॉकेल किंवा डिझेल मीटरवर आणि पेडलच्या बेअरिंगवर उडू देऊ नका, रबराच्या सीलला ते मानवत नाही. मेमध्ये बंद कारच्या डिकीत सायकल तासन्‌तास ठेवू नका.

मीटर सापडतच नसेल तर खिशातला मोबाइल बघा. अनेक मीटर ब्लूटूथवर एका वेळी एकाशीच बोलतात. ॲपने तो धरून ठेवला की सायकल कॉम्प्युटरला मिळत नाही. ॲप बंद करा, किंवा कॉम्प्युटर एएनटी प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीने जोडा, तिथे ही अडचण नाही. ग्रुपमध्ये पहिल्यांदा जोडत असाल तर लांब जाऊन जोडा, नाहीतर शेजाऱ्याचे वॉट आपल्या खात्यात येतात.

पेडल मीटरमध्ये वर्षाकाठी दांडा हातात धरून हलवून बघा. खडखड लागली तर बेअरिंग गेलं, आणि आकडाही गेला. झिजलेल्या क्लीटनेसुद्धा (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) पाय डगमगतो, मीटरला दोष देण्याआधी ती बदला.

जुना मीटर घ्यावा का

घ्यावा, पण सायकलवर बसून. विकणाऱ्यासमोर लागोपाठ पाच वेळा शून्य करा आणि आकडे लिहा, ते जवळजवळ सारखे आले पाहिजेत. मग दहा मिनिटं चालवून पुन्हा एकदा. क्रँकवरच्या डबीच्या कडेला चिकटपट्टी, नवा गोंद किंवा घासल्याची खूण असेल तर सोडून द्या. बॅटरीचं झाकण उघडून संपर्कावर हिरवट थर आहे का ते पाहा. मीटर आधीच्या मालकाच्या खात्याला बांधलेला असेल तर तो पैसे देण्याआधी सोडवून घ्या, आणि सॉफ्टवेअर अपडेट त्याच्याच मोबाइलवरून, तिथेच उभं राहून करून घ्या. अपडेट मधेच अडकणारा मीटर नंतर तुमच्या गळ्यात पडतो.